भरल्या पोटाचं शिंगरू

लोकर तोलायच्या काट्यावर बाबांनी मला उभं केलं.
काटा खूण ओलांडून गेला.
बाबा काही बोलले नाहीत,
तंबूच्या जाळीत खोचलेला चाबूक काढून
शिनेबायरच्या हातात दिला.
तो सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले.
मी बारा पूर्ण, आणि निवृत्त.

माझ्या नावावर एक तिसरा नंबर आहे.
म्हणजे बाबांच्या. म्हणजे खरं तर घोड्याच्या.
त्या दिवशी माणसं धावत आली
घोड्याच्या मानेवरचा घाम बोटावर घेऊन
कपाळाला लावायला. शुभ असतो तो.
घाम मलाही आला होता.
पदक बाबांच्या छातीवर लागलं, 
मला दप्तर मिळालं, आत पाच वह्या,
आणि एक सवय, जी कुणी दिली नव्हती:
वसतिगृहात जेवणाच्या रांगेतसुद्धा
आपल्यापुढे किती जणी, ते मोजायचं.

त्याच सवयीनं मी गणितात वर आले.
त्याच सवयीनं, पुढच्या शर्यतीत
ओदगेरेल घोड्यावरून फेकली गेली तेव्हा
आधी मनात आलं, एक कमी झाली.
मग आलं, ओदगेरेल!
दोन्हींच्या मधे घोड्याच्या शेपटीचा
एक केस मावला असता, तेवढंच.
हात बरा झाला तिचा. आम्ही अजून एका बाकावर बसतो.
तो केस मी तिला दाखवलेला नाही.

आज दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यत.
बारा किलोमीटरवरून उठलेली धूळ,
दुर्बिणी लावलेले बाप,
पळीतून दूध शिंपणाऱ्या आया.
पहिले पाच आले, त्यांच्या नावानं गाणी झाली,
घोडीचं आंबवलेलं दूध वाडग्यांतून सांडलं.
मग पन्नास आले. मग शंभर.
मग नुसता वारा.
आईची पळी रिकामी झाली तरी ती शिंपतच होती.

आणि मग, टेकडीच्या उतारावर,
धूळसुद्धा न उडवता,
आमचं पिवळट शिंगरू चालत आलं.
धावत नाही, चालत.
शिनेबायरचं शिरस्त्राण एका कानावर आलेलं.

आमच्याकडे शेवटच्यालाही गातात.
रंगीत देल घातलेला म्हातारा पुढे झाला,
लगाम धरून सूर लावला:
दोष शिंगराचा नाही, वाट दगडांची होती,
पोट भरलेलं होतं, म्हणून पाय जड झाले,
पुढच्या साली हेच सगळ्यांना धूळ चारेल.
लोक हसले. वाईट हसले नाहीत.
बाबांनी मात्र बुटाचं टोक पाहिलं, बराच वेळ.

"खरंच खाल्लं त्यानं," शिनेबायर मला म्हणाला,
"वाटेत रानकांदा होता. त्याला भूक लागलेली.
मी म्हटलं, खा."
मग हळूच विचारलं, "ताई, मी कितवा?"

मी मोजलं होतं. मी मोजणार नाही असं होतं का?
एकशे एक्केचाळिसावा.
"तू आलास," मी म्हटलं, "आणि सगळे आले."
तो थोडा वेळ गप्प राहिला.
सात वर्षांचा असला तरी खुळा नाही तो.
"म्हणजे शेवटचा," म्हणाला.

तेव्हापासून बदललाय.
संध्याकाळी मांसाच्या तुकड्याला हात लावला नाही,
वजन वाढेल म्हणाला.
बाबांना विचारलं, पहाटे उठवाल ना?
बाबा कितीतरी दिवसांनी हसले,
त्याच्या डोक्यावर हात ठेवला.
माझ्या डोक्यावरही ठेवला होता, त्या वर्षी.
ऊब असते त्या हातात, खोटं कशाला बोलू.

आता मध्यरात्र. चूल विझत आलीय.
बाहेर शिंगरू गवत ओरबाडतंय, त्याला नंबर माहीत नाही.
आत शिनेबायरच्या टाचा पांघरुणाखाली
झोपेतसुद्धा आपटतायत, टाच, टाच, टाच.
धरून थांबवाव्यात की पळू द्याव्यात,
मला कळेना.
पांघरूण पायांवरून सरकलं होतं,
तेवढं नीट केलं.